फायबर सांगून गच्चीवरची लॅन वायर दिली : सांगलीतला अनुभव

गावाकडे आईवडील दोघंच राहतात आणि तिथे कुणी "नवीन फायबर आलंय, लावून देतो" म्हणून मागे लागला असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमच्या आई-अण्णांकडे सांगलीला, विश्रामबागेच्या बाजूला, एका लोकल एजंटने जे कनेक्शन लावलं त्यात फायबर (काचेची तार) नव्हतं, मोडेम नव्हता, आणि शेवटी कळलं की कंपनीच्या दृष्टीने कनेक्शनसुद्धा नव्हतं. पैसे मात्र ८,३१५ रुपये रोख. मोडेमचे ३,२००, वायर ४५ मीटर, मीटरला ३५ प्रमाणे १,५७५, आणि २०० एमबीपीएसच्या प्लॅनचे महिना ५९० असे सहा महिन्यांचे आगाऊ ३,५४०. पावती त्याच्या स्वतःच्या पुस्तकातली, वर गणपती, जीएसटी नंबर नाही, आणि वस्तू म्हणून नुसतं "मोडेम १ नग". कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, सिरीयल नंबर काय, कायपण नाही.

माणूस ओळखीचा. आधी याच बिल्डिंगमध्ये केबल टीव्हीचे पैसे गोळा करायला यायचा, त्यामुळे सगळ्यांशी काका-काकू. अण्णांनी विचारलं कागदपत्रं लागतील का, तर म्हणे, "काय नको काका, मी आहे की." आधार नको, फोटो नको, ओटीपी नको. आई तर खूश झाली की बघ किती सोपं झालंय आता. हे सोपं होतं तिथेच खरी मेख होती पण ते नंतर.

सुरुवातीला चाललं. मग संध्याकाळी सात-साडेसातला आमच्याशी व्हिडिओ कॉल लावला की अण्णांचा चेहरा चौकोन चौकोन व्हायचा आणि आईचा आवाज विहिरीतनं आल्यासारखा. फोनवर स्पीड बघितला तर तीस-पस्तीस. एजंटला फोन केला की ठरलेलं उत्तर, भिंती जाड आहेत काका, वायफायवर एवढंच मिळतं, बूस्टर घ्या २,५०० चा. मग म्हणे ३०० चा प्लॅन करून टाकू, महिना दोनशेच जास्त. लाइट गेली की घरात इन्व्हर्टर असून नेट बंद. आणि सगळ्यात मजा म्हणजे आई यूट्यूबवर कीर्तन लावून टीव्हीवर टाकायला गेली की यादीत दोन टीव्ही दिसायचे, एक आमचा आणि एक कुणाचा तरी. एकदा तिने चुकून दुसऱ्यावर दाबलं आणि समोरच्या काकूंच्या टीव्हीवर मालिका थांबून कीर्तन सुरू झालं. त्यावर दोन्ही घरं हसली, पण तुमच्या मोबाईलला शेजारच्या घरातला टीव्ही दिसतोय म्हणजे दोन्ही घरं एकाच नेटवर्कवर आहेत, तुमचं कनेक्शन वेगळं नाहीये, एवढं लक्षात ठेवा.

गणपतीत माझा मावसभाऊ आला, तो एका ऑफिसात नेटवर्कचंच काम बघतो. त्याने टीव्हीच्या मागचा डबा उलटा करून बघितला आणि पहिलंच वाक्य, "अण्णा, हा मोडेम नाही, साधा राउटर आहे, हजाराच्या आसपास मिळतो."

हे जरा नीट सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. आपण सगळे घरातल्या नेटच्या डब्याला मोडेमच म्हणतो. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा तो खरंच मोडेम होता, टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून नेट यायचं, स्प्लिटर लावून फोन आणि नेट वेगळं करायचं. अण्णांच्या डोक्यात तेच बसलेलं. फायबरला जो डबा लागतो त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, काचेच्या तारेतून आलेला प्रकाश तो नेटच्या सिग्नलमध्ये बदलतो. ओळखायचा कसा, तर एक, त्यात हिरवी किंवा निळी प्लास्टिकची चौकोनी पिन खटकन बसते आणि त्याला बारीकशी, बहुतेक वेळा पिवळी, वायर असते. दोन, डब्यावर पॉन (PON) नावाचा दिवा असतो तो स्थिर हिरवा पाहिजे, आणि लॉस (LOS) नावाचा असतो तो लाल लुकलुकला तर प्रकाश पोचत नाही. आमच्या डब्यावर पॉनही नव्हतं आणि लॉसही नव्हतं (लॉस सगळा आमचा झालेला).

राउटरचं काम वेगळं, आत आलेलं नेट घरात वाटायचं. तो लागतो, ओएनटीत आधीच नसेल तर वेगळा घ्यावा लागतो, त्यात चूक काही नाही. पण आमचा वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालणारा होता. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी लांब जातं पण स्पीड कमी, आणि अपार्टमेंटमध्ये सगळ्यांचे राउटर त्यावरच ओरडत असतात. ५ गिगाहर्ट्झ लांब जात नाही पण त्याच खोलीत स्पीड चांगला देतं. २०० चा प्लॅन विकून २.४ चा डबा देणं म्हणजे ग्राहकाने चौकशी करायचीच नाही असं धरून चाललेला धंदा. शिवाय त्याचे पोर्ट, म्हणजे वायर लावायची भोकं, १०/१०० होते, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचे. अशा पोर्टमधून कितीही मोठा प्लॅन घ्या, स्पीड टेस्टला ९४-९५ च्या वर आकडा जात नाही. म्हणजे २०० च काय, त्याने ३०० चे पैसे घेतले असते तरी ९५ च. लॅपटॉपला वायर लावून सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, तिथे १००/१०० लिहिलं असेल तर प्लॅन वाढवू नका, आधी डबा आणि वायर बघा. हे एक मिनिटाचं काम आहे. आणि त्या राउटरला बाहेरून येणाऱ्या नेटसाठी निळा वॅन पोर्ट होता तो रिकामा, वरून आलेली वायर घरात वाटायच्या पिवळ्या लॅन पोर्टात खुपसलेली, म्हणून तर शेजारचा टीव्ही दिसत होता. राउटर राउटरचं काम करतच नव्हता.

मग वायर. भावाने पिन उचकटली. लॅनच्या वायरमध्ये आठ बारीक तारा असतात, चार जोड्या, नारिंगी हिरवी निळी तपकिरी. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (१,००० एमबीपीएसला) चारही लागतात. आमच्या पिनमध्ये फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी. निळी-तपकिरी कुठे गेली म्हणून तो वायर पकडून जिन्यात गेला तर शू-रॅकच्या वर प्लास्टिकच्या पट्टीत वायर सोललेली, आणि आमच्याच वायरमधल्या निळ्या-तपकिरी तारा दुसऱ्या तुकड्याला पिळून, वर टेप मारून समोरच्या दारात गेलेल्या. एक वायर, दोन गिऱ्हाईकं. समोरच्यांकडूनही त्याने वायरचे पूर्ण पैसे घेतलेले, आम्ही विचारलं.

तेवढ्यात अण्णा चष्मा लावून तिथे आले. ते एमएसईबीतनं रिटायर झालेत, आयुष्य तारांमध्ये गेलंय, नेटमधलं काही कळत नसलं तरी धातू कळतो. त्यांनी सुटलेली एक तार नखाने खरवडली, वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरं. "अरे हे तर अॅल्युमिनियम आहे!" वर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, बाजारात सीसीए म्हणून स्वस्तात मिळतं. कॅट ५ई-कॅट ६ (लॅन वायरचे दर्जे) च्या स्टँडर्डमध्ये शुद्ध तांबंच लागतं, त्यामुळे सीसीएवर कॅट ६ छापलेलं असलं तरी ते खरं कॅट ६ नाही. वाकवली की तुटते, पिनेपाशी सैल होते, उघड्यावर पावसात लवकर खराब होते. आमच्याकडे कॅट ६ कॉपर म्हणून लावलेली.

आणि मीटर! ही युक्ती मला आधी माहीत नव्हती, आता सगळ्यांना सांगतो. लॅनच्या वायरवर बारीक अक्षरात लांबीचे आकडे छापलेले असतात, बहुतेक मीटरमध्ये, एकेक मीटरला पुढचा आकडा. एका टोकाचा आकडा बघायचा, दुसऱ्या टोकाचा बघायचा, वजाबाकी करायची. आमची गच्चीपासून जिन्यातल्या त्या जोडापर्यंत अठरा आणि पुढे घरात चार. बिल ४५ चं. अण्णा तेव्हा पहिल्यांदा चिडले. स्पीडचं त्यांना एवढं नव्हतं, पण मापात पाप त्यांना सहन होत नाही.

गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची पेटी, कुलूप नुसतं अडकवलेलं. आत एक खरा ओएनटी, त्याला आठ पोर्टचा स्विच (एक नेट अनेक वायरींत वाटणारा डबा), आणि स्विचमधून काळ्या वायरी भिंतीवरून सगळ्या फ्लॅटमध्ये. लाइट कुठून घेतलेली? जिन्याच्या दिव्याच्या लाइनवरून, म्हणजे सोसायटीच्या कॉमन मीटरवरून, म्हणजे बिलसुद्धा आम्हीच भरत होतो. घरात इन्व्हर्टर असून नेट का जायचं ते तिथे कळलं. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस झाला तेव्हा दोन घरांचे डबे एकाच रात्री जळले होते, तेही यामुळेच असणार, कारण धातूची वायर गच्चीवरून मोकळी टांगली की विजेचा झटका थेट घरात येऊ शकतो. काचेतून वीज जात नाही, फायबरच्या त्या वायरीत मजबुतीला कधी कधी स्टीलची तार असते पण ती डब्यात जोडलेली नसते. त्या दोन्ही घरांना याने नवे "मोडेम" विकले होते.

ओएनटीच्या खालचा सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. ते नाव-नंबर सांगत नाहीत, बरोबरच आहे, पण आमच्या कुणाच्याच मोबाईल नंबरवर त्यांच्याकडे खातं नव्हतं. एक कनेक्शन, आणि त्यावर सहा घरं. म्हणून ओटीपी नको होता, म्हणून आधार नको होतं. हा प्रकार नुसता पैशाचा नाही, त्या लाइनवरून कुणी काही उद्योग केले तर बाहेर नेटवरचा पत्ता (आयपी) सगळ्यांचा एकच दिसतो.

आता इथे एक गोष्ट एजंटच्या बाजूने, कारण तो भांडताना हेच म्हणाला. "काका, फायबर बिल्डिंगपर्यंत आहेच की, तिथनं पुढं लॅननंच जातंय सगळीकडं." हे अर्धं खरं आहे. कितीतरी ठिकाणी बिल्डिंगपर्यंत फायबर आणि तिथून घरात चांगली लॅन वायर अशी अधिकृत कनेक्शनं आहेत आणि ती मस्त चालतात, फक्त वायर तांब्याची, आठही तारा जोडलेल्या, १०० मीटरच्या आत, स्विच गिगाबिटचा आणि खातं तुमच्या नावावर पाहिजे. आणि वाटून घेणं हाही गुन्हा नाही, घरापर्यंत येणारं खरं फायबरसुद्धा वाटूनच येतं, जीपॉनमध्ये (घरोघरी फायबर वाटायच्या पद्धतीत) एका लाइनचे साधारण २.५ जीबीपीएस बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागतात. पण ते कंपनी सांगून करते आणि तुमचं घर त्यांच्या हिशोबात असतं. याने २०० एमबीपीएसचं एक कनेक्शन घेऊन सहा जणांना प्रत्येकी २०० विकले. संध्याकाळी सहाही घरांत टीव्ही लागला की चेहरा चौकोनी होणारच.

सेक्रेटरींनी सहाही घरांना खाली बोलावलं, त्यालाही बोलावलं. पेटीतले फोटो, वायरवरचे आकडे, सगळं समोर ठेवलं. आधी आवाज चढवला, मग कॉमन मीटरवरून वीज घेतल्याबद्दल महावितरणकडे लेखी देतो म्हटल्यावर खाली आला. मोडेमचे आणि न वापरलेल्या महिन्यांचे परत केले, वायरचे दिले नाहीत. ट्राय (सरकारचं दूरसंचार नियामक प्राधिकरण) वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, आधी कंपनीकडे तक्रार, तिथे डॉकेट म्हणजे तक्रारीचा नंबर, नाही जमलं तर कंपनीच्याच अपील विभागाकडे, असा रस्ता आहे, पण आम्ही कंपनीचे ग्राहकच नव्हतो त्यामुळे तो रस्ता बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर टाकलीय, पावतीचा फोटो जोडून. नुसती गणपतीवाली का होईना, पावती होती म्हणून तेवढं तरी करता आलं.

आता कंपनीच्या अॅपवरून थेट घेतलं. आधार लागलं, ओटीपी आला, अण्णांच्या नावावर खातं, बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला. पोरगा आला, पांढरी बारीक वायर खिडकीतून आत घेतली, दोन टोकं मशीनवर जोडली, मीटर लावून प्रकाशाची पातळी दाखवली, उणे २१ डीबीएम. साधारण उणे २५ च्या खाली गेली नाही म्हणजे ठीक, आकडा लिहून घ्या म्हणाला, पुढे नेट रडायला लागलं तर हाच पुन्हा मोजून घ्यायचा. डबा कंपनीचा, परत करायचा असतो, म्हणून त्याचा सिरीयल नंबर बिलाशी जुळवून घेतला. स्पीड वायरवर १९० च्या पुढे, हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झवर दीडशे वगैरे, आतल्या खोलीत कमी, ते चालायचंच.

तो एजंट आमच्याच रोडवरच्या पुढच्या दोन बिल्डिंगांमध्ये अजून काम करतो. तिथल्या एका काकांना परवा सांगितलं की गच्चीवरची पेटी बघा आणि त्याच्याकडे कंपनीचा कस्टमर आयडी मागा. त्यांनी मागितला. उद्या आणून देतो म्हणालाय.