एडिटिंग की व्हीएफएक्स, पदवी की पदविका : नाशिकमधून निवड करताना

बारावीनंतर व्हिडिओ एडिटिंग शिकावे की व्हिज्युअल इफेक्ट्स (व्हीएफएक्स), आणि ते तीन वर्षांच्या पदवीतून शिकावे की खासगी संस्थेच्या वर्षभराच्या पदविकेतून, हे दोन प्रश्न पालक बहुधा एकदमच विचारतात. वास्तविक पहिल्याचा निर्णय झाल्याशिवाय दुसऱ्याचा होऊ शकत नाही.

संकलकाचे, म्हणजे एडिटरचे, काम मुख्यतः पाहण्याचे आणि ऐकण्याचे असते. रामकुंडावरच्या आरतीचे दोन तासांचे फुटेज तीन मिनिटांवर आणताना कोणाचा चेहरा ठेवायचा आणि घंटेचा नाद पुढचे दृश्य दिसण्यापूर्वी किती आधी ऐकू यावा, हे त्याला ठरवावे लागते. सॉफ्टवेअर काही आठवड्यांत हाताखाली येते, पण ही जाण यायला वर्षे लागतात आणि ती भाषा, संगीत व भरपूर चित्रपट पाहण्यातून येते. व्हीएफएक्सची परीक्षा वेगळी आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम होतात, आणि मोकळ्या केसांची मुलगी पार्श्वभूमीतून वेगळी काढायची असेल तर तिची कड प्रत्येक फ्रेममध्ये अचूक बसावी लागते. सॉफ्टवेअर मदत करते, तरी उडत्या बटांपाशी हातानेच दुरुस्ती करावी लागते. नवशिक्याला पहिली नोकरी बहुधा फ्रेमगणिक कड काढण्याच्या याच कामाची, म्हणजे रोटोची, मिळते, म्हणून ज्याला एका जागी तासन्‌तास बसणे जड जाते त्याने हा मार्ग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एडिटिंगकडे कल असेल तर कोणत्याही विषयाची चांगली पदवी घ्यावी आणि सोबत दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर सातत्याने सराव करावा. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेतील संकलनाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते, त्यामुळे ती वाया जात नाही. शिवाय लग्नसमारंभ, जाहिराती आणि यूट्यूब यांमुळे शिकत असतानाच नाशिकमध्ये कामे मिळू शकतात.

व्हीएफएक्स हे मात्र सांघिक काम आहे. तिथे स्टुडिओत प्रत्यक्ष काम केलेला शिक्षक हवा. प्रवेशापूर्वी आधीच्या विद्यार्थ्यांची शोरील, म्हणजे कामाच्या नमुन्यांची चित्रफीत, मागावी, त्यातला नेमका कोणता भाग विद्यार्थ्याने केला हे विचारावे आणि तासांनंतर लॅब किती वेळ उघडी असते तेही पाहावे. पदवी कोणते विद्यापीठ देणार याची खात्री यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीतून करून घ्यावी, कारण शिकवणारी संस्था आणि पदवी देणारे विद्यापीठ पुष्कळदा वेगळे असते. या कसोटीला महाविद्यालय उतरले तर पदवीच घ्यावी. न उतरल्यास दुसऱ्या विषयाची पदवी घेत ब्लेंडर हे मोफत थ्रीडी सॉफ्टवेअर आणि वेगवेगळी दृश्ये एकत्र जोडणाऱ्या न्यूक या सॉफ्टवेअरची मोफत अव्यावसायिक आवृत्ती शिकावी व पदविका नंतर करावी. वर्षभराची पदविका आधीच पदवीधर असलेल्याला उपयोगी पडते, पण बारावीनंतर तेवढ्यावरच थांबणाऱ्याला पुढच्या शिक्षणाची बरीच दारे बंद होतात.

खर्चाचा हिशेब केवळ फीपुरता करू नये. व्हीएफएक्ससाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घ्यावा लागतो, आणि नोकरी अंधेरी-गोरेगावकडे लागली तर पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून रोजची ये-जा झेपणारी नाही; सुरुवातीच्या पगारातून मुंबईतले भाडे भागेल का, हे फी भरण्यापूर्वीच घरात बसून मांडून पाहावे.