हँड टफ्टेड रग, ६ बाय ९, विटकरी रंग: दिवाळी ते गणपती वापरल्यानंतर

मे महिन्यात लिहायला बसले असते तर एक स्टार दिला असता. आज साडेतीन देतेय. रंगाबद्दलची माझी तक्रार मी पूर्ण मागे घेतलीय आणि रगच्या पाठीतून गळणाऱ्या पांढऱ्या पावडरीची तक्रार अजिबात मागे घेतलेली नाही. दुकानाचं नाव घेत नाही कारण त्यांच्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

आमचा हॉल ठाण्यातल्या कुठल्याही टू बीएचकेसारखाच, लांबुळका, एका टोकाला मेन डोअर, दुसऱ्या टोकाला गॅलरी, खाली आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. सोफा सासऱ्यांनी सुताराकडून करून घेतलेला, अस्सल सागवानी, थ्री सीटर आणि दोन खुर्च्या, गाद्यांना बॉटल ग्रीन प्लेन कापड. पडदे मोहरी रंगाचे. सगळं प्लेन असल्यामुळे रगवर थोडी नक्षी चालणार होती, गाद्या फुलाफुलांच्या असत्या तर मी प्लेन रगच घेतला असता. तपकिरी किंवा बेज आधीच बाद केला, कारण सागवानाचा पिवळसर तपकिरी आणि रगचा तपकिरी एकमेकांत मिसळतात आणि सोफ्याचे पाय दिसेनासे होतात, इतकं चांगलं लाकूड असून उपयोग काय मग. हिरव्याच्या शेजारी विटकरी उठून दिसतो, म्हणून विटकरी, कडेला क्रीम बॉर्डर.

साइजबद्दल दुकानदार ५ बाय ८ वर अडून बसला होता, "मॅडम सगळे हेच नेतात". मी घरी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून दोन्ही मापं बघितली होती. सोफा सात फुटांचा, त्यामुळे आठ फुटी रग दोन्ही बाजूंनी जेमतेम सहा इंच बाहेर येतो आणि पाच फुटी रुंदीत सोफ्याचे पुढचे पाय रगवर घेतले की टीपॉयच्या पलीकडे काहीच उरत नाही. ६ बाय ९ मध्ये पुढचे पाय आठेक इंच आत येतात, टीपॉय पूर्ण बसतो आणि समोर पाय ठेवायला जागा राहते. हिशेब चौरस फुटावर असतो, ४० चे ५४ झाले की बिल तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, १८ हजारांच्या आसपास गेलं. मला जड गेलं पण छोटा रग मोठ्या सोफ्यापुढे ठेवला की पायपुसणं वाटतं आणि मग ते पैसे वायाच जातात.

आता रंग. दुकानात बघितला तेव्हा विटकरी होता. घरी आला, अंथरला, मी दारात उभी राहून बघितलं तर विटका गुलाबी. धुतल्यावर रंग गेलेल्या साडीसारखा. आई (सासूबाई) गॅलरीजवळच्या खुर्चीत बसलेल्या, त्या म्हणाल्या, "अगं विटकरीच तर आहे, गुलाबी कुठे दिसतोय तुला?" मला वाटलं त्यांना चष्मा बदलायला हवा. नवऱ्याला सोफ्यावर बसून दोन्हीच्या मधला काहीतरी दिसत होता. दुकानात फोन केला, त्यांनी फोटो मागवले, उजेड चांगला म्हणून मी फोटो काढले गॅलरीकडून आणि फोटोत अगदी वेबसाइटवरचाच रंग. मग कस्टमर केअरवाल्या बाईंचं एकच वाक्य, "नॅचरल शेड व्हेरिएशन आहे, रिटर्न घेऊ पण पिकअप चार्जेस कापून". पिकअपचे पैसे मी का द्यायचे, यावर ईमेलवर ईमेल झाले आणि शेवटी मीच चिडून सोडून दिलं.

मी हॉलची ट्यूबसुद्धा बदलली. आधी ६५०० केल्विनची पांढरीफटक एलईडी होती, त्यात लाल, विटकरी, मरून हे सगळे रंग मेल्यासारखे दिसतात. ३००० ची पिवळसर लावली तेव्हा रात्री सोफ्याचं लाकूड आणि रग दोन्ही सुधारले. हा बदल रग घेतला नसला तरी करा, सागवानी फर्निचर असेल तर नक्कीच. पण दिवसा दारातून गुलाबी तो गुलाबीच.

गणपतीत मखरासाठी रग गुंडाळून बेडरूममध्ये ठेवला होता. विसर्जनानंतर नवऱ्याने आणि दिराने मिळून परत अंथरला, मी भाजी घेऊन दारातून आत आले आणि तिथेच थांबले. समोर विटकरी रग. दुकानात बघितला होता तोच. त्यांनी तो उलट्या टोकाने अंथरला होता, म्हणजे गॅलरीकडचं टोक दाराकडे. बाकी काही बदललं नव्हतं.

मग खाली बसून हात फिरवून बघितला. लांबीच्या एका दिशेने हात फिरवला की मऊ लागतो, उलट फिरवला की खरबरीत, कारण रगची लव, म्हणजे वरचे उभे धागे, एका बाजूला झुकलेली असते. ती आपल्या दिशेने झुकलेली असेल तर आपल्याला धाग्यांची कापलेली टोकं दिसतात आणि टोकं गडद दिसतात. आपल्यापासून लांब झुकलेली असेल तर धाग्याची कुशी दिसते, तिच्यावर उजेड चमकतो आणि रंग फिका पडतो. आमच्याकडे त्यात भर म्हणजे दारातून बघताना गॅलरीचा उजेड समोरून येतो, म्हणजे चमक दुप्पट. आता लव दाराकडे झुकलीय. आईंना त्यांच्या खुर्चीतून आता जरा फिका दिसतो पण उजेड त्यांच्या पाठीमागून येत असल्यामुळे मला दारातून दिसायची तशी झळाळी नाही येत, त्यांची काही तक्रार नाही.

एवढी साधी गोष्ट दुकानातल्या एकानेही सांगितली नाही याचा मला खरंच राग आहे. रोज रग विकणाऱ्याला लवेची दिशा माहीत नसेल हे शक्य नाही. "मॅडम, रग फिरवून बघा" एवढं फोनवर म्हटलं असतं तर माझा अख्खा हिवाळा आणि उन्हाळा वाचला असता. म्हणून सोफ्याशी रंग जुळवायला जाल तेव्हा गादीच्या कापडाचा तुकडा न्या, तो रगवर ठेवा आणि रगच्या दोन्ही टोकांना उभं राहून बघा. घरात जिथून सर्वांत जास्त वेळा नजर पडते, बहुतेकांच्या घरी ते दारच असतं, तिथून जो रंग दिसणार आहे तो तुमचा रंग. तुकडा सँपल देत असतील तर तोही फिरवून बघा, एकच तुकडा दोन रंगांचा दिसेल.

माझ्या रगमध्ये फरक इतका जास्त का दिसतो तर त्यात व्हिस्कोस (लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून केलेला चमकदार धागा) आहे. टॅगवर "ऊन (म्हणजे लोकर) आणि बांबू सिल्क" लिहिलंय. बांबू सिल्क, आर्ट सिल्क, सिल्क टच, बाजारात ही नावं बहुतेक वेळा व्हिस्कोसलाच देतात. चमक सुंदर असते, हे मान्य, पण ओलं झालं की तो धागा कमकुवत होतो आणि डाग पिवळा पडून बसतो. आमच्याकडे टीपॉयवरचं नुसतं पाणी सांडलं, चहासुद्धा नाही, तरी बॉर्डरवर पिवळट कडा उमटलीच. सोफ्याच्या पायाने पडलेल्या खड्ड्यावर बर्फाचा तुकडा ठेवायचा उपाय सगळे सांगतात, तो लोकरीवर चालतो, व्हिस्कोसच्या भागावर चुकूनही करू नका. लहान मुलं असतील तर व्हिस्कोस घेऊच नका. खात्री करायची असेल तर दोन धागे उपटून सिंकमध्ये जाळून बघा, लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि स्वतःच विझते, व्हिस्कोस कागदासारखं भुरूभुरू जळतं, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

पहिले काही महिने लोकरीचा भुगा निघतो, रोज. ते नॉर्मल आहे, कमी होत जातं. फिरत्या ब्रशचा व्हॅक्यूम वापरू नका, साधं तोंड लावा. मावशींना फक्त एकच सांगून ठेवलंय, लादी पुसताना फडका रगच्या कडेला लागता कामा नये.

आता पावडर. गणपतीत रग उचलला तेव्हा खाली टाइल्सवर पिठासारखा पांढरा थर होता आणि रबराचा कुबट वास. टफ्टेड रगमध्ये गाठी नसतात, मशीनगनसारख्या हत्याराने लोकर कापडात घुसवतात आणि मागून लेटेक्सचा गोंद लावून त्यावर दुसरं कापड चिकटवतात. त्या लेटेक्समध्ये स्वस्तात भागवायला खडूची भुकटी जास्त घातली की ते लवकर सुकून सुटायला लागतं. जुन्या रगचं झालं तर समजू शकते, वर्षही न झालेल्या रगचं का? कंपनीचा माणूस आला, बघून म्हणाला, "एसी नसलेल्या घरात होतं असं". ठाण्याच्या पावसाळ्यात रग विकताना हे सांगायला नको का? घेताना रग उलटा करा, काळ्या कापडावर पाठीवर जोरात थापट्या मारा, भुकटी पडली तर पुढच्या दुकानात जा. आणि घडी घालून कधीही ठेवू नका, लेटेक्सला चिरा पडतात, गुंडाळूनच ठेवायचा.

रग भदोहीचा (उत्तर प्रदेशातलं कार्पेटचं गाव) आहे म्हणजे हाताने गाठी मारलेला असणार, असंही समजू नका. भदोहीच्या हाताने बनवलेल्या कार्पेटला २०१० मध्ये जीआय (त्या भागाच्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळालाय हे खरं, पण तिथे टफ्टेडही भरपूर बनतात, पानिपतलाही बनतात. उलटून बघायचं, पाठीवर गाठी आणि तीच नक्षी दिसली तर नॉटेड, कापड चिकटवलेलं दिसलं तर टफ्टेड. झालरही बघा, नॉटेडमध्ये ती ताण्याच्याच (विणताना लांबीला ताणलेल्या) दोऱ्यांची असते, टफ्टेडला वरून शिवलेली. नॉटेडची किंमत कितीतरी पट असते, मला परवडत नाही, पण टफ्टेडचे पैसे देऊन टफ्टेडच घेतोय हे माहीत असावं.

बजेट दहा हजारांच्या आत असेल तर मी आता सरळ सुती सतरंजी घ्या म्हणेन. लवच नाही त्यामुळे दोन रंगांची भानगड नाही, दोन्ही बाजूंनी वापरता येते, लेटेक्स नाही, गॅलरीत वाळवता येते आणि सागवानी सोफ्यापुढे लाल निळ्या पट्ट्यांची सतरंजी छान दिसते. फक्त खाली अँटी स्लिप जाळी हवीच, व्हिट्रिफाइड टाइल्सवर म्हातारी माणसं घसरतात.

माझ्या बिलावर एक वर्षाची वॉरंटी आहे आणि ती दिवाळीपर्यंत चालू आहे. पावडरीचा व्हिडिओ, बिल, त्यांच्या माणसाच्या भेटीची तारीख, सगळं ईमेलने पाठवलंय. ते म्हणतात नवीन बॅकिंग लावून देऊ पण नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. मी नाही म्हटलंय. रग मला आवडतो, ठेवायचाय, पण टेम्पोचे पैसे त्यांनीच द्यायचे.