अमरावतीच्या हॉटेलात घेतलेली कॅनडाची शपथ

सात लाख पंधरा हजार. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचता वाचता "गेले तरी किती" हे मनात घोळत राहायला नको. वरूड तालुक्यातलं आमचं संत्र्याचं घर. पैसे घरचे, घालवले मी. घरातला मोठा, व्यवहाराला पक्का समजला जाणारा.

लहान भावाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. चाकणला तीन वर्षं कंत्राटी कामगार होता, मग कंत्राट संपलं आणि परत आला. मुलगी पाहायला गेलो की चहा यायच्या आधी प्रश्न यायचा, "नोकरीवर आहेत का?" वावर सांगितलं की चेहरे पडायचे. संत्र्याचं तर विचारूच नका. बांगलादेशनं आयात शुल्क चढवत नेलं तेव्हापासून भाव बसलेला, त्यात आंबिया बहराची फळगळ, त्यात बोअर आटलेले. अशा घरात कोणी येऊन "पोराला कॅनडाचा नागरिक करून देतो" म्हटलं, तर घर ऐकून घेतं.

सांगणारा परका नव्हता, आमचा आतेभाऊ होता. २०२४ च्या दिवाळीनंतर तो घरी आला आणि म्हणाला, अमरावतीला एक साहेब आहेत, कॅनडा सरकारमान्य, दीड वर्षात नागरिकत्व हातात. त्याच्या मोबाइलमध्ये बर्फात उभ्या पोरांचे फोटो होते. ती पोरं कोण, कुठली, हे आम्ही विचारलं नाही. आत्याचा पोरगा खोटं कशाला बोलेल! त्याला माणशी वीस हजार मिळत होते, हे सात महिन्यांनी कळलं.

साहेबाचं ऑफिस काचेचं. भिंतीवर लाल मॅपलचं पान, टेबलावर दोन झेंडे. त्यानं बाबांच्या पाया पडून त्यांना काका म्हटलं आणि आम्हा संत्रावाल्यांना डब्यातला संत्र्याचा रस पाजला. मग तासभर बोलला. पीआर, फाइल, पॉइंट, ड्रॉ, कोटा. मी मान हलवत होतो. बाबा मात्र मध्येच म्हणाले, "साहेब, हा तिकडचा झाला तं सातबाऱ्यावर याचं नाव राहीन का?"

मला लाज वाटली. एवढ्या मोठ्या गोष्टीत हे काय सातबारा काढून बसले! साहेब हसला. "काका, काहीच बदलत नाही. दोन्ही पासपोर्ट राहतील." मी बाबांना हळूच म्हटलं, "तुम्ही गप ऱ्हा बरं."

त्या दिवशी त्या खोलीत विचारला गेलेला एकच कामाचा प्रश्न तो होता, आणि त्याचं उत्तर धडधडीत खोटं होतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप संपतं. घटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा, दोन्हीकडे तेच आहे. पासपोर्ट जमा करावा लागतो. त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते कार्ड मिळू शकतं, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली राहते, नवीन एक गुंठाही घेता येत नाही. शेतकऱ्याच्या घराला आधी हेच कळायला हवं होतं, आणि बाबांनी नेमकं तेच विचारलं होतं.

पैसे चार वेळा गेले. पहिले चाळीस हजार नोंदणीचे, डिसेंबरात. ते जपून ठेवलेल्यातून दिले, काही वाटलं नाही. मग फेब्रुवारीत एक लाख ऐंशी हजार, "बायोमेट्रिक आणि मेडिकल". त्यासाठी आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. मार्चमध्ये भाऊ खरोखर रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला, व्हिसा केंद्रात त्याच्या दहा बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, पावती दिली. ती पावती पाहून आमचा उरलासुरला संशय गेला. सरकारी पावती होती, खरीच होती. फक्त ती भेटीच्या व्हिसाची होती. पाहुणा म्हणून जाऊन परत यायचा व्हिसा. इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं, पण आम्ही वरचं मॅपलचं पान पाहिलं आणि घडी घालून देवघरात ठेवली.

एप्रिलमध्ये साहेबाचा फोन आला. पॉइंट कमी पडताहेत, तिथल्या कंपनीचं नोकरीपत्र लावलं की वाढतील, दोन लाख चाळीस हजार. आंबियाचं फळ तेव्हा बोराएवढं होतं. तसल्या वेळी बाग ठोक्यानं दिली तर व्यापारी काय भाव देणार? तरी दिली. व्यापारी ओळखीचा, तोही म्हणाला, "भाऊ, थोडं थांबा, फळ दिसू द्या." नाही थांबलो. कायम राहायची परवानगी देताना कॅनडा ‘एक्सप्रेस एन्ट्री’ योजनेत अर्जदारांचे जे पॉइंट मोजतं, त्यातले नोकरीपत्राचे पॉइंट २५ मार्च २०२५ पासूनच काढून टाकले होते. म्हणजे जी गोष्ट त्या वेळी कुणालाच पॉइंट देत नव्हती, ती आम्ही बाग मोडून विकत घेतली.

आणि जूनमध्ये शेवटचे दोन लाख पंचावन्न हजार, "नागरिकत्व फी". हे पतसंस्थेचं कर्ज. याचा हप्ता मी आजही भरतो.

त्या शेवटच्या पैशांबरोबर जे झालं ते जरा नीट सांगतो. पैसे आले की शपथेची तयारी, असं साहेब म्हणाला होता. अमरावतीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये पोरांना बोलावलं. अकरा खुर्च्या होत्या, मी मागे उभा राहून मोजल्या होत्या. अचलपूर, मोर्शी, चांदूर बाजार, अशी कुठकुठली पोरं, सगळ्यांच्या अंगात इस्त्रीचे शर्ट. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं आवरण घातलेला एकेक कागद, खाली सोनेरी शिक्का. साहेबानं उजवा हात वर करायला लावला आणि एकेक ओळ म्हणून घेतली. माझ्या भावाचा आवाज कापत होता. मला, खरं सांगतो, भरून आलं. मी व्हिडिओ काढला.

कागद घरी पाठ करायला दिला होता. भाऊ रोज संध्याकाळी तुळशीपाशी उभा राहून म्हणायचा, आणि माझी नववीतली मुलगी त्याचे उच्चार सुधारायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती थांबली. "काका, इथं क्वीन एलिझाबेथ लिहिलं आहे."

"मंग?"

"राणी तं वारली ना. आता राजा आहे."

भाऊ म्हणाला, जुना कागद असेल. मीही तेच म्हणालो. पण रात्री झोप लागेना. राणी एलिझाबेथ सप्टेंबर २०२२ मध्ये वारली; तेव्हापासून कॅनडाची शपथ राजा चार्ल्सच्या नावानं घेतात. आम्ही २०२५ च्या जूनमध्ये होतो. जो माणूस वर्षाला एवढ्या पोरांना नागरिक करतो म्हणतो, त्याच्याकडे तीन वर्षं कोणी शपथच घेतली नव्हती की काय?

दुसऱ्या दिवशी मुलीला शेजारी बसवून कॅनडा सरकारचं संकेतस्थळ उघडलं. ती वाचून अर्थ सांगत गेली आणि माझ्या हातापायातलं त्राण गेलं. शपथ ही अगदी शेवटची पायरी. त्याआधी पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळायला हवी. मग अर्ज करण्याआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहिलेलं असावं लागतं. दिवस मोजून, परदेशात गेलेले वजा करून. तिथले करविवरण भरलेले असावे लागतात. वय १८ ते ५४ असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच येत असल्याचा पुरावा आणि २० प्रश्नांची परीक्षा, त्यातले १५ बरोबर यायला हवेत. तिचं पुस्तक सरकार फुकट देतं. आणि सरकारी फी? मोठ्या माणसाची साधारण ६५० कॅनेडियन डॉलर, म्हणजे चाळीसेक हजार रुपये. पीआरची दीड हजार डॉलरच्या वर थोडी, लाखाच्या आतबाहेर. व्हिसा वेगळा, पीआर वेगळं, नागरिकत्व वेगळं. आम्ही तिन्ही एकच समजत होतो, आणि साहेबाचा सगळा धंदा त्या समजुतीवर उभा होता. भावानं तोपर्यंत इंग्रजीची परीक्षासुद्धा दिली नव्हती. "आपला कोटा आहे, परीक्षा लागत नाही," असं सांगितलं होतं. असा कोटा कोणत्याही एजंटाकडे नसतो.

इथं थांबलं असतं तर फक्त पैसे गेले म्हणालो असतो.

अर्जासाठी ईमेल साहेबाच्या पोरीनं उघडला होता. पासवर्ड तिच्याकडे, पण उघडताना ओटीपी भावाच्या मोबाइलवर आला होता. वरूडच्या ऑनलाइन सेंटरवाल्या पोरानं त्या नंबरवरून तो ईमेल परत मिळवून दिला. आत मे महिन्यातलं कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचं पत्र पडलं होतं. तुमच्या अर्जाला जोडलेलं बँकेचं प्रमाणपत्र आणि अनुभवाचं पत्र खोटं असल्याचं दिसतं, तुमचं म्हणणं मांडा. आम्हाला पत्ताच नाही, तर मांडणार कोण? खाली जूनचं दुसरं पत्र: व्हिसा नामंजूर, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं कॅनडाची दारं बंद.

बँकेचं प्रमाणपत्र बावीस लाखांचं होतं. भावाच्या खात्यात तेव्हा अकरा हजार होते. अनुभवपत्र ज्या कारखान्याचं, तिथं त्यानं पाऊलही ठेवलं नव्हतं. सहा वर्षं सुपरवायझर म्हणे. पण अर्जावर सही त्याची. कॅनडाचा कायदा एजंटाला ओळखत नाही, अर्जदाराला ओळखतो. पोरगा चार दिवस जेवला नाही. "मी खोटा झालो ना," एवढंच म्हणायचा. साहेबानं जूनचं पत्र आल्यावर, सगळं माहीत असताना, नागरिकत्वाची फी घेतली होती. तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा मला घाम फुटला.

ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "भाऊ, चारशेवीस म्हणू नका आता, ३१८ आहे." भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यात फसवणुकीचं कलम ते. मग विचारलं, पैसे कोणाला दिले? दोन हप्ते यूपीआयनं, एका मोबाइल दुकानाच्या नावावर. दोन रोख, पावती नाही. यूपीआयचं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवलं असतं तर पैसे खात्यात गोठायची आशा असते. आम्ही कळवलं तेव्हा खातं कोरडं होतं. काचेच्या ऑफिसात आता कपड्यांचं दुकान आहे.

तपासात जे शिकलो ते तुमच्या उपयोगाचं आहे. कॅनडाच्या कामासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर माणूस तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या अधिकृत ‘कॉलेज’चा, म्हणजे त्यांना परवाने देणाऱ्या संस्थेचा, परवानाधारक किंवा तिथला वकील असावा लागतो. त्या कॉलेजची यादी ऑनलाइन खुली आहे, नाव टाकलं की परवाना चालू की बंद दिसतं. आमचा साहेब त्यात कुठंच नव्हता. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. हे दोन नंबर मागायला दोन मिनिटं लागली असती. आम्ही आतेभावाच्या शब्दावर सात महिने काढले. आणि ईमेल स्वतः उघडा, राजेहो. पासवर्ड बायकोला सांगा, एजंटाला नको.

आत्याच्या घरचं येणं-जाणं बंद आहे. पोळ्याला आई दारात उभी राहून वाट पाहत होती, बोलली नाही कोणाशी. भाऊ सध्या संत्र्याच्या ग्रेडिंग सेंटरवर मशीन सांभाळतो, बरं चाललं आहे.

मागच्या आठवड्यात नवाच नंबर आला. "तुमची फाइल अजून जिवंत आहे, पंधरा हजार भरा, बंदी उठवून पैसे परत काढून देतो." आमचं नाव, रक्कम, सगळं त्याला पाठ. नंबर तपास अधिकाऱ्यांना दिला आहे.

तक्रारीत आम्ही आजपर्यंत चौघं आहोत. बाकीच्यांचा पत्ता आम्हाला माहीत नाही, साहेबानं एकमेकांचे नंबर घेऊच दिले नव्हते. त्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या अकरा होत्या. निळ्या चौकटीचा शर्ट घातलेला मोर्शीकडचा एक पोरगा शपथ म्हणता म्हणता रडला होता, सोबत त्याची आई होती. तुम्ही हे वाचत असाल, किंवा त्यांना ओळखत असाल, तर तो प्लास्टिकच्या आवरणातला कागद फेकू नका. तो घेऊन जवळच्या ठाण्यात जा.