फ्युजिटिव्ह, रेफ्युजी, अ‍ॅब्स्कॉन्डर : मराठीत कुठे काय लिहावं?

इंग्रजी मजकुरात 'फ्युजिटिव्ह' दिसला की आपण डोळे झाकून 'फरार' लिहितो. बहुतेकदा ते चालून जातं, पण नेहमी नाही.

फ्युजिटिव्ह आणि रेफ्युजी हे सख्खे भाऊ. दोघांचं मूळ लॅटिन 'फुगेरे', म्हणजे पळणं. फ्युजिटिव्ह चौदाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. रोमन लोक 'फुगितिवुस' म्हणत ते मुख्यतः मालकाकडून पळालेल्या गुलामाला. अमेरिकेत तोच अर्थ कायद्याच्या नावात बसला : १७९३ आणि १८५० चे फ्युजिटिव्ह स्लेव्ह कायदे. दुसऱ्याने तर गुलामगिरी नसलेल्या राज्यांतल्या नागरिकांनाही धरपकडीत मदत करणं भाग पाडलं. इथे 'फरार गुलाम' लिहिलं की पळणाराच गुन्हेगार वाटतो. मी 'पळून आलेले गुलाम' लिहीन.

रेफ्युजीची गोष्ट वेगळी. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला, फ्रान्समधले ह्यूगनॉट प्रॉटेस्टंट जीव मुठीत धरून इंग्लंडला आले आणि हा फ्रेंच शब्दही त्यांच्यामुळेच इंग्रजीत रुळला. त्यात भर आसऱ्यावर आहे. त्या हिशेबाने 'शरणार्थी' जास्त जवळचा, कारण 'निर्वासित' सुटलेल्या घराकडे बघतो. तरी मराठीत निर्वासितच लिहावं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं उतरली, पुढे तिचं उल्हासनगर झालं, तेव्हापासून तो कानात बसलाय.

अ‍ॅब्स्कॉन्डरमध्ये पळणं नाहीच, दडणं आहे. असा आरोपी मागच्या गल्लीत मावशीकडेही असू शकतो. पोलिसांच्या बातमीतला 'फरार' खरा इथे शोभतो.

मग २०१८ च्या आर्थिक गुन्हेगारांच्या कायद्यातला फ्युजिटिव्ह? तिथे किमान १०० कोटींचं प्रकरण, अटक वॉरंट आणि खटला टाळण्यासाठी देश सोडणं किंवा परतायला नकार देणं, हे सगळं लागतं. जानेवारी २०१९ मध्ये विजय मल्ल्या या यादीतले पहिले ठरले. अशांना 'फरारी आर्थिक गुन्हेगार' म्हणावं. हिंदी चॅनेलांचा 'भगोडा' उसना घेण्याची काही गरज नाही.

चित्रकलेच्या पुस्तकात 'फ्युजिटिव्ह' रंग भेटला तर मात्र यातलं काहीच लावू नका. उजेडाने फिका पडणाऱ्या रंगाला आपण 'विटणारा रंग' म्हणतो.