क्लिक केल्यावर टाका दिसायला हवा

मी भरतकाम करते आणि ते कसं केलं ते माझ्या संकेतस्थळावर लिहिते. खरं तर लिहिते कमी, दाखवते जास्त. साखळी टाक्यात सुई पुन्हा त्याच छिद्रातून खाली घालायची की किंचित बाजूला, हे सांगायला चार ओळी खर्ची पडतात आणि तरी नवशिक्या मुलीला ते कळेलच असं नाही. फोटोत ते लगेच कळतं. फक्त तो फोटो हवा तेवढा जवळ आणून बघता यायला हवा.

गेल्या वर्षी एका वाचक बाईंची ईमेल आली. "ताई, तुमच्या ग्राफवर क्लिक केलं की तो मोठा व्हायच्या ऐवजी लहान होतो. मी चौकोन कसे मोजू?" मी माझ्या फोनवर करून पाहिलं, आणि त्यांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. तेव्हा मी एक फुकट मिळणारं प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला वरून जोडायचा तयार प्रोग्राम, वापरत होते. क्लिक केलं की काळा पडदा यायचा, मध्ये पांढरी चौकट आणि चौकटीत चित्र. चौकटीसाठी चहूबाजूंनी जागा सोडल्यामुळे फोनवर चित्र लेखातल्यापेक्षा बारीक दिसायचं. संगणकावर वेगळीच अडचण होती: ते प्लगइन मूळ फाइल उघडतच नव्हतं, लेखात दिसणारी आटवलेली प्रतच पुन्हा दाखवायचं. म्हणजे इतके महिने माझ्या वाचकांनी क्लिक करून काहीच मिळवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ग्राफ म्हणजे चौकोनांवर आखलेली नक्षी, तो शोभेचा फोटो नसतो, समोरची व्यक्ती त्याच्यावरून एकेक फुली घालत असते.

त्यानंतर दोन साधनं नीट वापरून पाहिली: माझं संकेतस्थळ ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्या वर्डप्रेसमध्येच असलेली चित्र मोठं करण्याची सोय, आणि त्याच कामासाठी वेगळं जोडावं लागणारं फोटोस्वाइप. हे परीक्षण त्या दोघांचं आहे.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझा एक नेहमीचा ग्राफ आडवा १०० चौकोनांचा आणि उभा १४० चौकोनांचा असतो. प्रत्येक चौकोनात दोऱ्याच्या रंगाची खूण असते: टिंब, तिरकी रेघ, त्रिकोण, पोकळ गोल. खूण ओळखू यायला एका चौकोनाला निदान १५-१६ पिक्सेल लागतात, हा माझ्या डोळ्यांचा अनुभव. मी १८ धरते, म्हणजे अख्खा ग्राफ १८०० बाय २५२० पिक्सेलचा होतो. वर्डप्रेसवर चित्र चढवलं की ते त्याच्या अनेक प्रती करून ठेवतं. मुळातली मापं अशी: लघुचित्र १५०, मध्यम ३००, मोठं १०२४. यातली 'मोठी' प्रत घेतली तर १४० चौकोन १०२४ पिक्सेलमध्ये कोंबले जातात, म्हणजे चौकोनाला जेमतेम सात. सात पिक्सेलमध्ये त्रिकोण आणि टिंब सारखेच दिसतात. त्यामुळे क्लिक केल्यावर कुठली फाइल उघडते, हा माझ्यासाठी पहिला प्रश्न. पडदा किती सुंदर सरकतो, हे त्यानंतर.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वर्डप्रेसच्या ५.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, २५६० पिक्सेलपेक्षा मोठा जेपीईजी फोटो चढवला की त्याची २५६० मध्ये बसणारी प्रत तयार होते, तिच्या नावापुढे 'स्केल्ड' लागतं, आणि पुढे सगळीकडे तीच मूळ म्हणून वापरली जाते. शिवाय अशा प्रतींची जेपीईजी गुणवत्ता साधारणपणे ८२ धरलेली असते. फोटोला हे चालतं. ग्राफच्या काळ्या रेघांभोवती मात्र जेपीईजीमुळे करडी धूळ बसल्यासारखी दिसते, म्हणून ग्राफ मी पीएनजीमध्येच चढवते.

आता पहिलं साधन. वर्डप्रेसची ही सोय ६.४ आवृत्तीबरोबर नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. सुरुवातीला तिचं नाव 'एक्स्पांड ऑन क्लिक' होतं, आता 'एन्लार्ज ऑन क्लिक' आहे. चित्राचा ब्लॉक निवडायचा (नव्या संपादकात लेखाचा प्रत्येक तुकडा हा एक ब्लॉक असतो), लिंकच्या बटणावर जायचं आणि हा पर्याय घ्यायचा, एवढंच. संकेतस्थळाची मांडणीही ब्लॉकचीच, म्हणजे ब्लॉक थीम, असेल तर स्टाइल्समध्ये जाऊन चित्राच्या ब्लॉकसाठी एकदाच चालू करता येते, मग प्रत्येक चित्रापाशी जावं लागत नाही.

मला तिच्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती क्लिक केल्यावर वाट बघायला लावत नाही. पानावर आधीच उतरलेली लहान प्रत लगेच मोठी होऊन समोर येते आणि मागून मोठी फाइल उतरली की तिची जागा घेते. म्हणजे आधी थोडं मऊ दिसतं आणि मग दोऱ्याचा पीळ एकदम स्पष्ट होतो. माझे २५६० पिक्सेलचे फोटो ८०० केबी ते सव्वा एमबीच्या घरात असतात, आणि ते क्लिक होईपर्यंत उतरतच नाहीत. मंद नेटवर्कवर वाचणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे कीबोर्ड. टॅब दाबत चित्रापर्यंत जाता येतं, एंटरने ते उघडतं, एस्केपने बंद होतं, आणि बंद झाल्यावर आपण लेखात होतो त्याच चित्रापाशी परत येतो. माझी एक मैत्रीण मनगटाच्या दुखण्यामुळे माउस वापरू शकत नाही. तिच्यासोबत बसून हे करून पाहिलं. जुन्या प्लगइनमध्ये ती काळ्या पडद्यात अडकून बसायची आणि शेवटी पानच बंद करायची.

मर्यादाही स्पष्ट सांगते. चित्राला आधीच कुठली लिंक दिलेली असेल तर ही सोय लागू होत नाही, दोन्हींपैकी एकच मिळतं. जुन्या संपादकात लिहिलेल्या लेखांतली चित्रं ब्लॉक नसतात, म्हणून तिथे ती पोचत नाही. माझे असे कितीतरी लेख आहेत आणि ते एकेक करून ब्लॉकमध्ये आणावे लागले. चित्राखालची ओळ मोठ्या दृश्यात दिसत नाही, आणि त्या ओळीत मी दोऱ्याचा क्रमांक आणि किती पदर घेतले ते लिहिते, म्हणून ही उणीव मला जाणवते.

पण खरी अडचण फोनवर येते. ही सोय चित्र पडद्याच्या मापापर्यंत मोठं करते आणि थांबते. माझ्या फोनचा पडदा ब्राउझरच्या हिशेबात ३९० रुंद आहे, लेखाला दोन्ही बाजूंना १६-१६ चा समास, म्हणजे लेखातलं चित्र आधीच ३५८ चं. क्लिक केल्यावर जास्तीत जास्त ३९०. सगळा मिळून फायदा नऊ टक्के! पडदा साधारण साडेसहा सेंटीमीटर रुंद, त्यात १०० चौकोन, म्हणजे एक चौकोन पाऊण मिलिमीटरहूनही लहान. फाइल कितीही मोठी असो, एवढ्याशा चौकोनातली खूण डोळ्याला वाचता येत नाही. तिथे चित्र बोटांनी ताणून, हवा तो कोपरा ओढून समोर आणता आला पाहिजे. टाक्यांचे साधे फोटो याशिवाय चालतात, ग्राफ चालत नाहीत.

म्हणून दुसरं साधन. फोटोस्वाइप हे दिमित्री सेमेनोव्ह यांनी लिहिलेलं, एमआयटी परवान्याचं, कुणालाही फुकट वापरता येणारं. मी पाचवी आवृत्ती वापरते. तिला दुसऱ्या कुठल्या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, गरज लागत नाही. चित्रावर टॅप केलं की ते पडद्यात बसतं, मग लागोपाठ दोनदा टॅप केलं की त्याच जागी जवळ येतं, दोन बोटांनी आणखी ताणता येतं, एका बोटाने ओढता येतं, खाली सरकवलं की बंद. हे सगळं बोटाखाली इतकं सहज चालतं की कुणाला शिकवावं लागत नाही. ग्राफ उघडून मी थेट डावीकडचा खालचा कोपरा समोर आणला आणि तिथला प्रत्येक पोकळ गोल मला चष्म्याशिवाय वाचता आला. त्या क्षणी मी ठरवलं की ग्राफ आता इथेच.

याची बांधणीही मला पटते. चित्राभोवती साधी लिंक असते आणि ती मोठ्या फाइलकडे जाते. स्क्रिप्ट उतरली नाही, बंद असली, काही बिघडलं, तर ब्राउझर ती फाइलच उघडतो आणि वाचकाला चित्र मिळतंच. वाचक रिकाम्या हाताने परत जात नाही.

मात्र त्याची एक अट आहे आणि ती पाळावीच लागते. प्रत्येक लिंकवर मोठ्या चित्राची रुंदी आणि उंची आधीच लिहून द्यावी लागते, कारण फाइल उतरण्यापूर्वीच त्याला जागा आखायची असते. आकडे चुकले तर चित्र ताणलं जातं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून हे झालं. फोन आडवा धरलेला असो की उभा, कॅमेरा पुष्कळदा फोटो ४००० बाय ३००० असाच साठवतो आणि सोबत 'हा फिरवून दाखवा' अशी खूण ठेवतो. मी ते आकडे तसेच उतरवले, आणि उभ्या फोटोतलं गोल रिंगण लांबट अंड्यासारखं दिसू लागलं. आता आकडे हाताने लिहीत नाही, चढवलेल्या चित्राच्या माहितीतून घेते.

मागे जायच्या बटणाचं मात्र प्रत्येकाने तपासून घ्यावं. फोनवर चित्र बंद करायला बहुतेक लोक कोपऱ्यातली फुली शोधत नाहीत, सरळ मागे जातात. फोटोस्वाइपच्या चौथ्या आवृत्तीत ही दखल घेणारा भाग होता, पाचवीच्या गाभ्यात तो नाही, त्यामुळे मागे गेलं की वाचक लेखातूनच बाहेर पडतो. मी आठ-दहा ओळी जोडल्या: चित्र उघडताना ब्राउझरच्या इतिहासात एक नोंद घालायची, मागे गेलं की फक्त चित्र बंद करायचं. या ओळी नसत्या तर मी हे साधन माझ्या वाचकांपुढे ठेवलं नसतं. चित्राखालची ओळ यातही आपोआप येत नाही, पण आपला भाग जोडायची वाट आहे, आणि दोऱ्याचे क्रमांक आता ग्राफच्या खाली दिसतात.

पडद्याच्या रंगाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचं काम असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर कापडच डोळ्यात भरतं आणि टाक्यांच्या सावल्या विरून जातात. वर्डप्रेसची सोय पडद्यासाठी संकेतस्थळाचा स्वतःचा पार्श्वरंग घेते, तो माझ्याकडे फिकट पांढरा, तिथे उलट फोटोची कडाच हरवते. फोटोस्वाइपमध्ये मी मध्यम करडा घातला. उलटी टीप आणि धावदोरा यांतला फरक त्या करड्यावर जितका उठून दिसतो तितका मला दुसऱ्या कशावर दिसला नाही.

या सगळ्याला लाइटबॉक्स म्हणतात. लोकेश ढाकर यांनी २००५ मध्ये त्या नावाची स्क्रिप्ट लिहिली आणि नंतर ते नावच या पद्धतीला चिकटलं. माझ्या शिवणाच्या टेबलावरही लाइटबॉक्स आहे, खालून उजेड देणारी काच. तिच्यावर कागद ठेवायचा, वर कापड, आणि नक्षी छापून घ्यायची. दोन्हीकडे मला एकच हवं असतं, रेघ स्पष्ट दिसणं.

जुन्या लेखांबद्दल एक सूचना. वर्डप्रेसमध्ये चित्राची लिंक 'अटॅचमेंट पेज'कडे दिलेली असेल तर क्लिक केल्यावर जवळजवळ रिकामं पान आणि त्यात तेच मध्यम चित्र दिसतं. ६.४ पासून नव्या संकेतस्थळांवर ही पानं मुळातच बंद असतात, जुन्यांवर मात्र ती तशीच राहिलेली असू शकतात. आपला सर्वांत जुना लेख उघडून एकदा क्लिक करून बघा.

माझी आजची घडी अशी आहे. टाक्यांचे फोटो, पायऱ्या, पूर्ण झालेलं काम, हे सगळं वर्डप्रेसच्याच सोयीवर. त्यात सांभाळायला काही नाही आणि पुढच्या अपडेटमध्ये तुटण्याची भीती कमी. ग्राफ आणि पांढऱ्यावर पांढरं काम फोटोस्वाइपवर. ज्यांना कोडला हात लावायचा नाही आणि ज्यांची चित्रं फक्त बघण्यासाठी आहेत त्यांनी पहिलंच घ्यावं, मनात किंतु ठेवू नये. चित्रातलं काही मोजायचं, वाचायचं, पडताळायचं असेल तर दुसऱ्यासाठी एक पूर्ण रविवार द्यावा.

ईमेल करणाऱ्या त्या बाईंना नवा दुवा पाठवला होता. परवा त्यांनी फोटो पाठवला: ग्राफ सत्तावीस ओळी पुढे गेलाय, आणि अठराव्या ओळीत माझ्याच ग्राफमध्ये एक खूण चुकलेली त्यांनी शोधून काढली आहे. ती आज दुरुस्त करून चढवते.