नऊ हजारांचं गाव

तक्रार लिहून घेणाऱ्या साहेबांनी मान वर करून विचारलं, "गाव विकत घेतलंत म्हणता? कुठल्या तालुक्यातलं?"

"मोबाइलमधलं, साहेब."

त्यानंतर ते माझ्याकडे जसे बघत राहिले, ते नऊ हजार गेल्यापेक्षा जास्त लागलं. वय ३२, घरी दोन वर्षांची मुलगी, आणि हा माणूस गेममधल्या गावासाठी चौकीत आलाय. तरी लिहितोय, कारण माझ्या मावसभावाच्या वर्गातली दोन पोरं अशीच बुडाली आणि तिघांपैकी कोणीही घरी तोंड उघडलं नव्हतं.

गेम क्लॅश ऑफ क्लॅन्स, स्वतःचं गाव वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या गावांवर हल्ले करायचे. हेलसिंकीच्या सुपरसेलनं तो २०१२ मध्ये आयफोनवर आणला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर आला. मी २०१४ पासून खेळतोय, तेव्हा सांगलीला होस्टेलवर होतो. गेम फुकट आहे, पण टाउन हॉल, म्हणजे गावाची मुख्य इमारत, जसजसा वर जातो तसतशी एकेक इमारत दिवसेंदिवस बांधकामात अडकते. थांबायचं नसेल तर जेम्स, म्हणजे गेममधलं चलन, विकत घ्या. कंपनी ते लपवत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी अडचण अशी की नोकरी-लग्नात मधली पाच वर्षं खेळलोच नाही. परत आलो तेव्हा सगळे मित्र टाउन हॉल १६ वर आणि मी ११ वर. क्लॅन वॉरमध्ये, म्हणजे दोन गटांच्या लढाईत, मला घेतलं तरी समोरचं कुठलंही गाव मला झेपायचं नाही. मावसभाऊ तर सरळ म्हणाला, "दादा, तू वॉरमधून नाव काढ ना."

मग एका टेलिग्राम ग्रुपवर जाहिरात दिसली. टाउन हॉल १६, हिरो (किंग, वॉर्डन असे खास लढवय्ये) जवळपास मॅक्स, 'फर्स्ट ओनर, फुल अ‍ॅक्सेस, सेफ डील', ९,००० रुपये. विकणारा मराठी, डीपीला महाराज, पहिला मेसेज "जय शिवराय दादा". एखाद्या परप्रांतीयानं इंग्रजीत लिहिलं असतं तर मी दहा प्रश्न विचारले असते. याला तीनच विचारले. त्यानं गावाचा स्क्रीन रेकॉर्ड पाठवला, "इंजिनिअरिंगची फी भरायचीय" म्हणाला, आणि विश्वास नसेल तर ग्रुपचा अ‍ॅडमिन मधला माणूस म्हणून पैसे धरून ठेवील, त्याचे वेगळे ३०० रुपये, असंही सुचवलं. मला हे फारच सभ्यपणाचं वाटलं. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव तिसऱ्याच कुणाचं तरी आलं. "मम्मीचं खातं आहे दादा." केले पाठवून.

आणि गाव खरंच मिळालं! सुपरसेल आयडीवरचा, म्हणजे गेमच्या लॉगिनवरचा, त्याचा मेल काढून माझा लावला, मेलवर येणारे सहा आकडी कोड त्यानं लगेच दिले. अ‍ॅडमिननं "डील डन" लिहून अंगठा टाकला. तीन आठवडे मी राजा होतो. रात्री मुलगी झोपली की भिंती वाढवायच्या, किंग वाढवायचा, वॉर्डन वाढवायचा. गोल्ड पासही घेतला, म्हणजे वर आणखी खर्च. लीगमध्ये सातही दिवस खेळलो. मावसभाऊ "दादा, भारी" म्हणाला. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

बाविसाव्या दिवशी सकाळी गेम उघडला तर बाहेर फेकलेला. माझ्या मेलवर कोडच येईना. विकणाऱ्याचं खातं डिलीट, अ‍ॅडमिननं मला, तक्रार टाकली म्हणून, ग्रुपातून काढलेलं. म्हणजे मधला माणूस आणि विकणारा एकाच ताटात जेवणारे.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. दोन दिवसांनी एकाचा मेसेज आला. त्याच ग्रुपात त्यानं माझी तक्रार वाचली होती म्हणे. "सपोर्टमध्ये ओळख आहे, अकाउंट परत आणून देतो, पैसे काम झाल्यावर." पैसे आधी मागत नाही म्हटल्यावर मी विरघळलो. पडताळणीसाठी माझ्या जुन्या अकाउंटचा मेल मागितला, मग मेलवर आलेला कोड, मग "पहिला चुकला" म्हणून दुसरा. पहिला कोड आत शिरायला होता, दुसरा मेल बदलायला. दहा मिनिटांत होस्टेलपासूनचं माझं टाउन हॉल ११ सुद्धा गेलं. ते कोणी शंभर रुपयांना घेतलं नसतं, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हे जुनं गाव मात्र परत मिळालं, आणि मिळताना पहिली चोरी कशी झाली ते कळलं. कंपनीच्या सपोर्टला गेममधूनच लिहिलं. त्यांनी विचारलं की अकाउंट साधारण कधी सुरू केलं, कुठल्या फोनवर, आधीचं नाव काय होतं, काही खरेदी केली होती का. मला सगळं पाठ. २०१४, मोटो जी, होस्टेलमधलं टोपणनाव, आणि जेम्सच्या एका जुन्या खरेदीची पावती जीमेलमध्ये पडलेली. काही दिवसांत गाव माझ्या हातात. आनंद झाला, आणि लगेच पोटात गोळा आला. त्या 'फर्स्ट ओनर'नं हेच केलं असणार! त्यानं मला मेल दिला, कोड दिले, पण ते गाव कधी वसवलं, कुठल्या फोनवर, पहिली पावती कुठली, हे सगळं त्याच्याकडेच राहिलं. मी खरेदीदार म्हणून सपोर्टला काय सांगणार? अकाउंटची खरेदी-विक्री नियमात बसतच नाही. अटींत चक्क लिहिलंय की अकाउंट खेळणाऱ्याच्या मालकीचं नसतं, वापरायची फक्त परवानगी असते. कंपनीच विकली जाऊ शकते (२०१६ मध्ये टेन्सेंटच्या गटानं सुपरसेलचा ८४ टक्के हिस्सा ८६० कोटी डॉलरला घेतला), माझं गाव नाही. या अटींखाली मी २०१४ मध्येच न वाचता होकार दिलेला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तोही पंचवीस दिवसांनी. पैसे गेल्या गेल्या केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, मी पोचेपर्यंत खातं रिकामं. पोर्टलवर तक्रार आहे, नंबर आहे, अजून काही झालेलं नाही. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. खरंच आहे. आता जुन्या गावाच्या आयडीला फोन नंबर जोडून ठेवलाय आणि कोड बायकोलाही सांगत नाही. तिनं मागितलेला नाही, ती हसते फक्त.

गेममध्ये प्रत्येक खेळाडूला एक टॅग असतो, नाव बदललं तरी तो बदलत नाही. नऊ हजारांच्या गावाचा टॅग मी लिहून ठेवलाय, अधूनमधून टाकून बघतो. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तोच टॅग जाहिरातीत दिसला. मी वाढवलेला किंग, मी वाढवलेल्या भिंती, 'फर्स्ट ओनर', भाव ११,०००. खाली एका पोरानं विचारलं होतं, "दादा, लास्ट किती?"

त्याला खासगीत सगळं लिहून पाठवलं. त्यानं मला ब्लॉक केलं. मी भाव पाडायला आलोय असं वाटलं असेल त्याला.