कासची पायवाट: रस्त्यालगतचं पठार आणि कुमुदिनीचं तळं

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेलं की सुमारे २५ किलोमीटरवर कास. उंची साधारण १,२०० मीटर. ही सगळी चढण गाडीनेच होते, त्यामुळे पुढची पायपीट जवळपास सपाट. एवढ्या उंचीवर, दमछाक न होता, पाणथळ आणि जंगल दोन्ही दाखवणारी वाट सह्याद्रीत शोधून सापडणं अवघड आहे. तरीही इथून हिरमुसून परतणारे बरेच असतात. त्यांना फोटोत पाहिलेला फुलांचा गालिचा हवा असतो आणि मिळतं धुकं, चिखल आणि बोटभर उंचीची फुलं. कास ही आधी पाणथळ जागा आहे, फुलं त्या पाण्यामागून येतात. एवढं लक्षात घेऊन चाललं तर गालिचा नसलेल्या दिवशीही इथले दोन-तीन तास भरून पावतात.

आधी व्यवस्थेबद्दल. पठाराची देखभाल वनविभाग आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांची समिती मिळून करते. हंगामात दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा ठरलेली असते आणि दिवसाचे वेळेनुसार टप्पे पाडलेले असतात. नोंदणी ऑनलाइन करूनच निघावं. शनिवार-रविवारी जागेवर तिकीट मिळेल या भरवशावर घाट चढू नये. तिकिटाचा स्क्रीनशॉट घरीच काढून ठेवा, वर मोबाईलला रेंज जेमतेम असते. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या अलीकडच्या वाहनतळावर थांबवतात आणि तिथून छोट्या बसने पठारावर सोडतात. या ये-जा करण्यातच अर्धा-पाऊण तास सहज जातो, तो हिशेबात धरा. टप्पा निवडायची मुभा असेल तर डोळे झाकून सकाळचा पहिला घ्या. सूर्य तिरपा असतो, फुलं ताजी असतात आणि कुमुदिनीच्या तळ्यासाठी तर सकाळच हवी. कारण पुढे सांगतो.

आता पठाराचा मुख्य भाग. आखून दिलेल्या पायवाटा आहेत, त्या सावकाश फिरायला तासभर पुरतो. आजी-आजोबा आणि पाच-सहा वर्षांची मुलं आरामात चालू शकतात. पाय सांभाळायचे ते चढामुळे नव्हे, तर ओल्या जांभा दगडामुळे. पावसाळ्यात या दगडावर शेवाळाचा पातळ थर चढतो. काळपट हिरवा, चकाकणारा दगड दिसला की त्यावर पाय ठेवू नका, शेजारच्या खरखरीत दगडावर ठेवा. घसरण्याचे प्रकार होतात ते बहुतेक फोटोसाठी मागे मागे सरकताना.

हा जांभाच कासचं सगळं गणित ठरवतो. दगडावर मातीचा थर दोन-चार बोटं, कुठे तेवढाही नाही. पाऊस पडला की पाणी खळग्यांत साचतं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. मुसळधार पावसाने मातीतला कस धुऊन गेलेला असतो. अशा उपाशी, चिंब जागेत मोठं झाड तग धरत नाही, टिकतात ती बुटकी, एका पावसाळ्यात आयुष्य उरकणारी रोपं. फुलांच्या सुमारे ८५० जाती इथे नोंदवल्या गेल्या आहेत असं सांगतात ते आश्चर्यच, पण त्या सगळ्या एकत्र पसरलेल्या नसतात. पाणी किती खोल आणि किती दिवस टिकतं, यावर कोण कुठे उगवणार ते ठरतं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यातली महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

एखादं डबकं निवडा आणि पायवाटेवरच उकिडवं बसून दहा मिनिटं बघा. मध्यभागी, जिथे पाणी टिकून असतं, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये वायतुरा ही पाणवनस्पती दिसू शकते. तिचा फुलोरा टोकाला दुभंगून दोन फाट्यांचा होतो. वायतुरा सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांवरच सापडतो, म्हणून जपून बघा. त्याच्या बाहेर, माती नुसती भिजलेली आहे तिथे, गेंद नावाच्या रोपाची पांढरी, बटणांसारखी फुलं उभी असतात. त्यांच्यात मिसळून सीतेची आसवं: इवलीशी निळी-जांभळी फुलं, देठ काडीपेटीच्या काडीइतका नाजूक. हे रोप कीटकभक्षी आहे, पण वरून काहीच कळत नाही. सापळे खाली, ओल्या मातीत असतात. सूक्ष्म पिशव्या, त्यांना झडप. बारीक जीव झडपेच्या केसांना लागला की पिशवी पाण्यासकट त्याला आत ओढते, पापणी लवायच्या कितीतरी आधी. मातीत नत्र नाही, ते असं मिळवायचं. दवबिंदू नावाचं रोप हीच गरज उघड्यावर भागवतं. त्याच्या तांबूस पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, आणि दव वाळून गेल्यावरही ते थेंब तसेच राहतात. ओळखायची खूण तीच. डबक्यापासून हातभर दूर, माती जरा कोरडी झाली की तेरडा आणि कवल्याच्या जातीतलं पिवळं मिकी माऊस सुरू होतं. एका डबक्याचे हे पट्टे एकदा डोळ्यांत बसले की उरलेलं पठार आपोआप वाचता येतं. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग दोघांत एक असावं. मोबाईलचा मॅक्रो चालेल, पण वारा फूल हलवत राहतो, हाताचा आडोसा धरावा लागतो.

कधी जावं? ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, हे सगळेच सांगतात. आमचं मत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचं, तेही मंगळवार ते गुरुवार. आधी गेलं तर पाऊस आणि धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. उशिरा गेलं तर गवत उंच होऊन फुलं झाकली जातात, मात्र उतारांवरची सोनकी तेव्हा देखणी असते. पावसाने मध्येच दडी मारली तर सगळं आठ-दहा दिवस पुढे-मागे सरकतं, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यातला पाऊस बघून दिवस ठरवा. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. ती नाही दिसली म्हणून वाटाड्याशी वाद घालू नये.

आता या सहलीतला सगळ्यात चांगला भाग, आणि नेमका हाच बहुतेक जण सोडून देतात: कुमुदिनी तळ्याची वाट. पठारावरून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने जायचं. जाऊन-येऊन सुमारे चार किलोमीटर, रमतगमत दोन तास. वाट रुंद, चढ नावापुरता. रस्त्याचा गोंगाट पहिल्या दहा मिनिटांत मागे पडतो. दोन्ही बाजूंना कारवी, मधूनमधून वाऱ्याने खुजी ठेवलेली अंजनी आणि जांभळाची झाडं. पठाराची कड आली की त्यांचं दाट रान होतं आणि दरीत उतरतं. या वाटेवर ठरावीक अंतराने डबकी लागतात. इथे सगळेच एक चूक करतात. बूट भिजू नयेत म्हणून डबक्याला वळसा घालतात. मागचा त्याच्याही बाहेरून जातो, वाट दर हंगामात रुंदावत जाते आणि काठावरची रोपं चिरडली जातात. ही बहुतेक रोपं वर्षायू आहेत. बी धरण्याआधी पायाखाली आली तर पुढच्या वर्षी त्या जागी उगवायला काही उरत नाही. तेव्हा सरळ पाण्यातून चाला. पाणी घोट्याएवढंच असतं आणि बूट एरवीही भिजणारच आहेत.

तळं गवतातून अचानक समोर येतं. कमळासारखी गोल पानं पाण्यावर पसरलेली, त्यांच्यामधून वर आलेली पांढरी फुलं, आत पिवळा ठिपका. फूल जेमतेम बोटाच्या पेराएवढं, पण पाकळ्यांच्या कडांना आणि आतल्या बाजूला दाट पांढरी झालर, जणू लोकरीतून कातरून काढलंय. संस्कृत काव्यातली कुमुदिनी चंद्र पाहून उमलते. इथली मात्र सकाळी उमलते आणि दुपार कलली की मिटू लागते. म्हणूनच पहिला टप्पा. दुपारी तीनला पोचलेल्यांना नुसती पानं दिसतात आणि “तळ्यात काही नाही” असं म्हणत ते परत फिरतात. काठाची माती भुसभुशीत आहे, फुलाच्या जवळ जायला पाण्यात उतरू नका. छोटी दुर्बीण असली तर फूल हातात घेतल्यासारखं दिसतं.

उणिवाही सांगायला हव्यात. सुट्टीच्या दिवशी घाटातली वाहतूक तुंबते आणि पठारावर माणसांच्या रांगेतून पुढे सरकावं लागतं. अशा दिवशी ही जागा कुणालाही सुचवणार नाही. वाटाड्या घ्यावाच, पण तो नुसता ‘फोटो पॉइंट’ दाखवत निघाला तर त्याला थांबवून गेंद आणि दवबिंदू दाखवायला सांगा. स्थानिक मुलांना फुलांची गावठी नावं छान ठाऊक असतात, विचारल्यावर ती खुलून सांगतात. आणखी एक गोष्ट मनाला लागते. चराई थांबली तर उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही, हा मुद्दा अभ्यासक आणि गावकरी वारंवार मांडत आले आहेत. पठार राखायचं म्हणजे नुसतं अडवायचं नाही, हे धोरण ठरवताना विसरून चालणार नाही.

सामान थोडंच लागतं. खाचा असलेल्या रबरी तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड. छत्री नको, वारा ती उलटी करतो. अंगभर रेनकोट बरा. माणशी एक लिटर पाणी आणि कोरडा खाऊ, वेष्टनं परत न्यायला एक पिशवी. स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा. सातारा-बामणोली एसटी कासवरून जाते, गाडी नसलेल्यांनी आदल्या दिवशी साताऱ्याच्या स्थानकावर परतीची वेळ विचारून घ्यावी.

वेळ उरला तर पुढे कास तलावापर्यंत जा. साताऱ्याला पाणी पुरवणारा हा जुना तलाव दाट झाडीने वेढलेला आहे. भोवतीच्या रानात गवे आणि अस्वलं आहेत, त्यामुळे संध्याकाळी एकट्याने आडवाटेला शिरू नये. तलावाच्या अलीकडे-पलीकडे गावातल्या घरगुती खाणावळींत पिठलं-भाकरी मिळते. चालायला निघण्याआधीच सांगून ठेवलं तर परत येईपर्यंत भाकरी तव्यावर पडलेली असते.